वापर : बसणे

जगातली सगळी माणसं दिवस मावळताना कुणीतरी मोजून आत घेतली पाहिजेत, नाहीतर त्यातलं एखादं हरवणारच, अशी ज्याची पक्की खात्री होती असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घोंगडीमामा. ते एसटीत चढले की आधी माणसं मोजायचे आणि मग जागा शोधायचे. कंडक्टरचा हिशोब जुळला नाही तर तो मुकाट्यानं मामांकडे बघायचा. लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांचा मांडव मोजून झालेला असायचा, आणि मयतीला गेले की खांदेकरी वेगळे आणि मागून चालणारे वेगळे. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत एकदा गणपूर्ती झाली की नाही यावर जोरात वाद लागला होता. मामा दारात उभे. काठीच्या टोकानं हवेत टिपके देत ते म्हणाले, "सतरा." मग जरा निरखून, "त्यातले तिघं झोपल्यात. झोपलेले धरायचे का न्हाई ते तुमी ठरवा." सभा सुरू झाली. एकदा मी त्यांना विचारलं होतं, "मामा, तुम्ही स्वतःला धरता का मोजताना?" तर माझ्या अडाणीपणाची कीव येऊन म्हणाले, "राखणाऱ्याला कळपात धरत असत्यात व्हय, बाई?"

हे मी ऐकीव सांगत नाही. मी त्याच नगरपालिकेत आवक-जावक टेबलाची कारकून होते. नात विचारते, "आजी, तू ऑफिसर होतीस का गं?" मी 'हो' म्हणते. त्या काळी मला स्वतःलाही तसंच वाटत होतं, म्हणून ते अगदीच खोटं नाही. मी पस्तिशीची होते आणि स्वतःला जिल्हाधिकारी समजत होते. नवरा तिथंच नोकरीला होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. डोंगरकडा नावाच्या खेड्यातून आलेली, जन्मात कधी सरकारी अर्ज न लिहिलेली बाई, पण टेबल मिळालं, टेबलावर तारखेचा शिक्का मिळाला, आणि माझी मान जी ताठ झाली ती पुढं दहा वर्षं वाकली नाही. खळ करून इस्त्री केलेली साडी, खांद्याला पर्स (आत कंगवा आणि रुमाल, तिसरी वस्तू नाही), आणि शिक्का असा हाणायचा की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला पाहिजे. लेक आजीजवळ डोंगरकड्याला शाळेत होती, मी इथं भाड्याच्या एका खोलीत. ऑफिसात माझ्याशी लोक कागदापुरतं बोलायचे. दुपारी मी डबा उघडला की नेमकी तेव्हाच सगळ्यांना बाहेर कामं निघायची. काहींना मी बाई म्हणून, काहींना मी कोणत्या वस्तीतली म्हणून. मी म्हणायची, मला बाई शांततेत जेवायला आवडतं. कुणी विचारलेलं नसायचं, तरी म्हणायची.

मामा पहिल्यांदा आले ते अशाच एका डब्याच्या वेळी. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, पायात असे जोडे की फरशीलाच घाबरायला व्हावं. त्यांनी घोंगडी माझ्या टेबलापुढं अंथरली, तिच्यावर ऐसपैस बसले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "एकच हाय का?"

"एक काय?"

"मानूस."

मी म्हटलं, "जेवणाची सुट्टी आहे. अर्ध्या तासानं या."

"मंग जेवा की. मी बी जेवतो." त्यांनी धडप्याच्या गाठोडीतून भाकर काढली आणि मान उंच करून माझ्या डब्यात डोकावले. "जवसाची चटणी दिसून राहिली. आना हिकडं जराशी."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात लांबवून दोन बोटांनी चटणी उचललीसुद्धा. माझ्या डब्यातलं कुणी मागून खाल्लं त्याला किती वर्षं लोटली होती, हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला आला राग. मी म्हणाले, "अर्ज असा खाली बसून देता येत नाही. उभं राहून द्यायचा असतो." असा नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथं तयार केला होता. मामा निमूट उठले, हात पुसले, उभं राहून अर्ज दिला आणि पुन्हा बसून उरलेली भाकर खाल्ली.

अर्ज होता वाड्याचा. वाडा म्हणजे दिंडी-दरवाजाचा नव्हे, मेंढरं बसवायचा. मामांच्या वडिलांनी एसटी स्टँडमागची मोकळी जागा घेऊन तिला काट्याचं कुंपण घातलं होतं. पुढं गाव त्या जागेभोवती वाढत गेलं. रस्त्याच्या अंगाला पाच पत्र्याची दुकानं उभी राहिली, त्यात सायकलवाला होता, शिंपीणबाई होती. मागं मेंढरं. मामी गेल्या, दोन्ही पोरं पुण्याला कंपनीत लागली, मामांच्यानं एकट्यानं कळप राखणं होईना, तेव्हा त्यांनी मेंढरं विकली. राहिलं रिकामं कुंपण आणि कोपऱ्यातली एक खोली. पोरं म्हणत होती, जागा विकून पुण्याला चला. मामा एकदा जाऊनही आले. चौथ्या मजल्यावरून चार दिवस माणसं मोजायचा प्रयत्न केला. "एक बी मानूस दुसऱ्यांदा दिसत न्हाई," म्हणाले. "मोजून उपेग काय?" आता त्यांच्या मनात आलं होतं की पत्र्याची शेडं पाडायची, खाली सात दुकानं आणि वर बारा घरं बांधायची. कागदावर याला मिश्र वापर म्हणतात. मामांचं कारण मात्र अर्जाच्या कुठल्याच रकान्यात मावणारं नव्हतं. "पहिलं रात्री मेंढरं कशी हलायची, शिंकायची. आता वाड्यात काहीच शिंकत न्हाई, बाई. झोप कशी लागावी?"

नकाशा त्यांनी हिंगोलीहून काढून आणला होता. निळ्या कागदावरच्या पांढऱ्या रेघा त्यांना वाचता येत नसत, पण कुठलं घर कुणाचं ते पाठ होतं. दररोज नकाशा घोंगडीवर पसरायचा आणि एकेका चौकोनावर अंगठा दाबायचा. "हितं सायकलवाला, खाली दुकान, वर घर. हितं शिंपीणबाई. हितं रिटायर मास्तर, त्यांना पायऱ्या होत न्हाईत, म्हणून जिन्याजवळ." बारापैकी अकरा घरांना नावं होती. बाराव्यावर अंगठा यायचा, थांबायचा आणि नुसताच उचलला जायचा. मी विचारलं नाही. मला काय, मी तर जिल्हाधिकारी.

पण गाडं अडलं ते जिन्यावर. बांधकाम विभागाचे साहेब तसे सज्जन होते, फक्त रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. ते म्हणाले, खालची दुकानं आणि वरची घरं, दोन्हींचे जिने-दरवाजे वेगळे पाहिजेत. एकच जिना चालणार नाही.

"काहून चालत न्हाई?" मामा म्हणाले. "वाड्याला एकच वाट ठेवतेत, साहेब. दोन ठेवल्या तर मोजता कसं येईल?"

"मामा, माणसं राहणार आहेत तिथं. मेंढरं नाहीत."

"मान्सं जास्त हरवतेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमाची बाजू घेऊन मान हलवली. दोन महिने मामा रोज येऊन जिन्यावर बोलत राहिले. शेवटी त्यांनीच वाट काढली. जिने दोन होऊ द्या, पण दोन्ही खाली एकाच जागी उतरू द्या, आणि तिथं एक लांब ओटा द्या. दुकानातून निघालेला आणि घरातून उतरलेला, दोघांनाही त्या ओट्यासमोरूनच जावं लागेल. साहेब मोठ्या मनानं तयार झाले. नवा नकाशा आला. त्याबरोबर एक तक्ता असतो. इमारतीतल्या प्रत्येक जागेचा वापर काय, ते त्यात लिहायचं. दुकान, निवासी, जिना, संडास, पाण्याची टाकी. ओट्यापुढचा रकाना रिकामा होता.

"याचा वापर काय लिहू?" साहेबांनी पेन काढलं.

"बसायचं."

"ते झालं हो. पण वापर? दुकानाचा भाग आहे का घराचा?"

"कुनाचाच न्हाई. बसायचा हाय."

"मामा, बसणे हा वापर होत नाही."

मामांनी काठीचं टोक साहेबांच्या खुर्चीकडे केलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी सकाळी दहापासून काय करून राहिले?"

सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसले, पण रकाना रिकामाच राहिला आणि फाईल माझ्या कपाटात आली.

मग सुरू झाल्या वरच्या ऑफिसच्या फेऱ्या. अशा प्रकरणाला जिल्ह्याच्या ऑफिसचा अभिप्राय लागायचा आणि आमचा जिल्हा तेव्हा परभणी. मामा एसटीनं परभणीला जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी सगळा अहवाल. गाडीत किती होते, हट्ट्याला किती उतरले, साहेबांच्या दारात किती बसले होते. धडप्यात हट्ट्याच्या थांब्यावरच्या शेंगा असायच्या. आम्ही त्या टेबलावर फोडायचो आणि टरफलं कुठल्यातरी जुन्या परिपत्रकात गुंडाळायचो. तोवर मी रोज दोन माणसांची चटणी आणायला लागले होते. अर्थात मी स्वतःला सांगायची की जवस जास्त कुटला गेला. पुढं एक दिवस हिंगोली वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, आणि मामांची फाईल गायब झाली. परभणीचे म्हणायचे हिंगोलीला धाडली, हिंगोलीचे म्हणायचे आमच्याकडे अजून खुर्च्यासुद्धा आल्या नाहीत. "वाटणीत एक हुकलंच," मामा म्हणाले आणि दर आठवड्याला हिंगोलीला जायला लागले. नव्या ऑफिसात त्यांनी स्वतःच्या हातानं गठ्ठे लावून दिले. कपाटामागं पडलेली आपली फाईल काठीनं ओढून काढली तीही त्यांनीच.

फाईल अभिप्रायासह परत आली. सगळं ठीक होतं. हिंगोलीच्या नव्या साहेबांनी ओट्यापुढच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलंही होतं, 'बसणे'. आता फक्त मुख्याधिकाऱ्यांची सही राहिली होती, आणि ती फाईल सहीसाठी वर ठेवायचं काम माझं.

आता जे सांगते ते मी लेकीलाही सांगितलेलं नाही. फाईल हातात घेऊन मी बसले, आणि माझ्या मनात आलं की सही झाली की हा माणूस उद्यापासून येणार नाही. मी कपाट उघडलं, फाईल आत ठेवली आणि कोऱ्या कागदावर टाईप केलं : 'अर्जावरील सही व मालमत्ता पत्रकावरील सही यांत तफावत आढळते. त्रुटीची पूर्तता करावी.' मामा आले, हसत हसत पुन्हा सही करून गेले. महिनाभरानं मी दुसरी त्रुटी काढली, शेजाऱ्याच्या ना हरकत पत्रावर तारीख नाही. मग तिसरी, नकाशाची प्रत अस्पष्ट आहे. प्रत चांगली लख्ख होती. असं करत मी एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढला. आणि वर मिजास अशी की त्यांनी चटणीकडे हात केला की मी म्हणायची, "मामा, तुमचे कागद कधी वेळेवर नसतात बघा!"

एका दुपारी मामांनी नकाशा पसरला. सायकलवाल्यावर अंगठा दाबला, शिंपीणबाईवर दाबला, मग जिन्याजवळच्या घरावर अंगठा ठेवला तो उचलेनात. म्हणाले, "मास्तर लेकाकडं नांदेडला गेले, काल. लई वाट पाह्यली त्यांनी. म्हनले, घर झाल्यावर कळवा. पन आता कशाचे येतेत." मग अंगठा शिंपीणबाईवर परत नेला. "ही बी लेकीकडं वाशीमला जायचं म्हनून राहिली."

माझ्या हातातली भाकर हातातच राहिली. मी एका माणसाला रोज बोलवायला त्याचा सगळा कळप पांगवत होते. मी एवढंच म्हणाले, "मामा, ती नकाशाची प्रत... चालेल तीच."

"चालंल ना," मामा म्हणाले. "पहिल्यापासूनच चालत व्हती."

मी वर पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता. शेंगा फोडता फोडता ते बोलत होते. "कळपातलं एखादं मेंढरू सारखं मागं राहतं, बाई. आमी त्याला काठी मारत न्हाई. पाय तपासतो. पाय बराबर असला तर समजायचं, त्याला सोबत पायजे. मंग त्याच्यासंगं हळू चालायचं."

त्यांनी बाराव्या चौकोनावर अंगठा ठेवला. "हे तुमाला धरलं हाय. पहिल्या दिवसापासून. चटनीच्या दिवसापासून."

आणि मी काय म्हणावं? खळ केलेल्या साडीतली ती बाई ताठ मानेनं म्हणाली, "मला सरकारी क्वार्टर मिळणार आहे." मिळणार नव्हतं. तसलं काही आमच्या नगरपालिकेत नव्हतंच. मामांनाही ते ठाऊक होतं. "मंग बराबर," म्हणाले आणि टरफलं गोळा करायला लागले. त्याच दुपारी मी फाईल घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या दारात उभी राहिले आणि सही होईपर्यंत हलले नाही. परवान्यावर शिक्का मारला तो इतका जोरात की खालच्या तिन्ही प्रतींवर उठला.

इमारत झाली. शिंपीणबाई थांबली, मास्तर काही आले नाहीत. मामांनी वर घर घेतलं नाही, ओट्याला लागून खालची एक खोली ठेवली. दिवेलागणीला घोंगडी अंथरून ओट्यावर बसायचे. दुकानं बंद करून निघालेले, कामावरून परतलेले, क्लासहून आलेली लेकरं, सगळ्यांवर काठीचं टोक टेकवत मोजायचे, आणि आकडा जुळला की उठायचे. मी कधीमधी स्टँडकडे जाताना तिथून जायची. थांबायची नाही, घाईत असल्यासारखी चालायची. मामा काठी उचलायचे, माझ्या दिशेनं एक टिपका द्यायचे आणि मोजणी पुढं चालू ठेवायचे. चौथ्या हिवाळ्यात ते गेले. पोरं पुण्याहून आली. मयतीला माणसं पुष्कळ होती. किती होती ते कुणीच मोजलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्याच इमारतीत राहायला आले, बाराव्या घरात. मामांनी ते माझ्यासाठी मोकळं ठेवायला सांगितलं होतं, असं त्यांच्या थोरल्यानं कळवलं, म्हणाला, "बाबा म्हणाले होते, बाईंना उशीर होईल, पण येतील." लेक तिच्या घरी सुखात आहे, रविवारी फोन करते. इमारतीतली माणसं चांगली आहेत. पण आता सगळ्यांची दारं लोटलेली असतात आणि आतून टीव्हीचा आवाज येतो. दोन्ही जिन्यांवरून माणसं उतरतात, मोबाईल कानाला लावून ओट्यासमोरून जातात, गाडीला किक मारतात. ओट्यावर कुणी बसत नाही. मध्यंतरी दुकानवाल्यांनी तिथं खोकी रचायला सुरुवात केली होती. मामांच्या थोरल्यानं किल्लीबरोबर दिलेला परवाना आणि वापराचा तक्ता घेऊन मी खाली आले आणि त्यांना त्यातली अट मोठ्यांदा वाचून दाखवली : मंजूर नकाशाप्रमाणेच वापर करावा, अन्यथा परवानगी रद्द समजण्यात येईल. मग लाल शाईतला शब्दही दाखवला. खोकी हलली. ते हसले, म्हणाले, "आजी, तुम्ही अजून ऑफिसातच आहात."

असेन. रोज संध्याकाळी मी मामांची जुनी घोंगडी घेऊन खाली उतरते, अर्धी अंथरून तिच्यावर बसते आणि अर्धी शेजारी मोकळी ठेवते. डब्यात जवसाची चटणी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मोजते, पण माझा आकडा काही जुळत नाही, कुठून सुरुवात करायची हे मामांनी सांगितलंच नाही. तरी बसते. एवढी मोठी इमारत, बारा घरं, सात दुकानं, आणि परवानगी रद्द होऊ नये याची काळजी घेणारी सध्या मी एकटीच आहे.